टोनचे नॉब आणि चॅनलचा खटका : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी सोलापुरातून आलेली बहुतेक पत्रं व्हॉल्व्हच्या (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांच्या) गिटार-अ‍ॅम्पबद्दल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : किती. ट्रेबल कितीवर ठेवू, कपॅसिटर कितीचा टाकू, रिले (विजेवर चालणारा खटका) किती व्होल्टचा घेऊ. आकडे खाली दिलेच आहेत. पण या अ‍ॅम्पमध्ये 'किती'च्या आधी 'कुठे' येतं. तोच २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर क्लीन, म्हणजे स्वच्छ आवाजाच्या चॅनलमध्ये शोभून दिसतो आणि डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाच्या वाटेवर बसवला की आवाज गढूळ करून टाकतो.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. अ‍ॅम्प उघडण्याआधी प्लग काढा, पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. पॉवर सप्लायच्या मोठ्या, म्हणजे फिल्टर कपॅसिटरांत ३०० ते ४५० व्होल्ट बराच वेळ टिकून राहतात. २२ किलोओम, ५ वॅटच्या रेझिस्टरची एक तार क्लिपने चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला पकडा, दुसरी इन्सुलेटेड क्लिपने फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकाला पंधरा सेकंद लावून ठेवा आणि मीटरवर ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालू नका. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची जुनी सवय असेल तर ती सोडा. त्यात कपॅसिटरही जातो आणि कधी कधी पाहणाऱ्याचा डोळाही.

प्रश्न (साखर पेठ) : माझा अ‍ॅम्प फेंडर या अमेरिकी कंपनीच्या जुन्या सर्किटच्या नकाशावरून बांधलेला आहे. ट्रेबल, मिडल, बास असे तीन नॉब. ट्रेबल वाढवला की बास कमी होतंय, मिडल शून्याकडे नेला की सगळाच आवाज बसतोय. घरातल्या स्टिरिओवर असं होत नाही. वायरिंग चुकलंय का?

उत्तर : वायरिंग बरोबर आहे, अपेक्षा चुकली आहे. स्टिरिओतलं टोन सर्किट बहुधा बॅक्संडॉल पद्धतीचं असतं. पीटर बॅक्संडॉल यांनी १९५२ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात ते मांडलं. त्यात नॉब मधोमध असला की आवाज जसाच्या तसा जातो, उजवीकडे वाढतो, डावीकडे कमी होतो, आणि बास-ट्रेबल एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. गिटार-अ‍ॅम्पच्या तीन नॉबांत वाढवणारं काहीच नसतं. नुसते रेझिस्टर आणि कपॅसिटर. तिथे फक्त कापणं चालतं. काय किती कमी कापायचं एवढंच तुमच्या हातात.

आता ट्रेबलचा पॉट, म्हणजे नॉबमागचा फिरता रेझिस्टर, जवळून पाहा. त्याच्या वरच्या टोकाला २५० पिकोफॅरडच्या छोट्या कपॅसिटरमधून फक्त बारीक, तीक्ष्ण आवाज येतो. खालच्या टोकाला १०० किलोओमच्या रेझिस्टरमधून आणि ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून जाड आवाज येतो. मधली टांग, म्हणजे वायपर, जिथे असेल तिथून सिग्नल पुढे जातो. नॉब १० वर नेला म्हणजे वायपर बारीक आवाजाच्या टोकाला गेला आणि जाड आवाजापासून २५० किलोओम दूर झाला. म्हणून बास कमी झाल्यासारखा वाटतो. नाव ट्रेबलचं असलं तरी हा पॉट खरं तर तराजू आहे.

बासचा पॉट त्या खालच्या टोकापासून पुढे मिडलकडे जातो, आणि मिडलचा पॉट सगळ्यांच्या तळाशी, जमिनीच्या म्हणजे ग्राउंडच्या वर उभा असतो. तो शून्यावर नेला की सगळ्यांच्या पायाखालची फळी काढल्यासारखं होतं. मधल्या आवाजाचा ढोबळ हिशेब तोंडीही करता येतो. फेंडरच्या ट्विन रिव्हर्ब या मॉडेलच्या पद्धतीत मिडल पूर्ण वर असताना १०० किलोओमच्या खाली १० किलोओम, म्हणजे १० भागिले ११०. सिग्नलचा साधारण अकरावा हिस्सा उरतो. फेंडरच्याच डिलक्स रिव्हर्बमध्ये मिडलचा नॉबच नाही, त्या जागी ६.८ किलोओमचा रेझिस्टर कायमचा बसवलेला आहे. तिथे सोळावा हिस्सा. मार्शल या ब्रिटिश कंपनीच्या अ‍ॅम्पमध्ये १०० च्या जागी ३३ किलोओम आणि तळाला २५ किलोओमचा पॉट, म्हणजे ५८ पैकी २५, चाळीस टक्क्यांच्या वर. मार्शलचा आवाज बँडमधून पुढे येतो आणि फेंडरचा मागे चमकत राहतो, त्याचं अर्धं कारण या दोन भागाकारांत आहे.

तुमच्या अ‍ॅम्पवर करून पाहा : बास २, मिडल १०, ट्रेबल २. फेंडरच्या सर्किटमध्ये सपाट आवाजाच्या सर्वांत जवळ जाणारी ही जागा. पाच-पाच-पाच हा 'मध्य' नाही; तिथे मधल्या आवाजात चांगला खड्डा असतो. बहुतेकांना तो खड्डाच आवडतो, हा भाग वेगळा.

प्रश्न (विजापूर रोड) : तिन्ही नॉब शून्यावर केले तर अ‍ॅम्प मुका होतो. व्हॉल्व्ह गेला का?

उत्तर : नाही. ट्रेबलचा वायपर खाली, बास शून्य, मिडल शून्य, म्हणजे सिग्नलची वाट सरळ ग्राउंडला जोडली गेली. मिडलचा पॉट असलेल्या अ‍ॅम्पमध्ये असं झालंच पाहिजे. झालं नाही तर मात्र कुठला तरी ग्राउंडचा टाका सुटला आहे का ते बघा.

प्रश्न (जुळे सोलापूर) : क्लीन आणि लीड (डिस्टॉर्शनचं) अशा दोन चॅनलांसाठी रिले बसवला. चॅनल बदललं की स्पीकरमधून 'ठप्प' असा मोठा आवाज येतो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात तर मागच्या रांगेतही ऐकू जाईल. रिले महागातला घेतला आहे.

उत्तर : रिले निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. ठप्प आवाज म्हणजे डीसी व्होल्टेज अचानक एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उडी मारतं. ती उडी कुठे होते ते शोधायचं.

आधी ही चाचणी. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. अ‍ॅम्प एक मिनिट एकाच चॅनलवर ठेवा, मग खटका दाबा. लगेच चार-पाच वेळा भराभर दाबा. पहिला ठप्प मोठा आणि नंतरचे बारीक होत गेले, तर कुठला तरी कपॅसिटर निवांतपणे चार्ज होतो आहे. प्रत्येक वेळी सारखाच 'टक' आला, तर रिलेच्या कॉइलकडे, म्हणजे खटका ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीकडे संशय घ्या. खात्रीसाठी रिलेच्या कॉन्टॅक्टवरच्या आवाजाच्या तारा सोडवा, कॉइल तशीच चालू ठेवा. टक राहिला तर तो कॉइलचा.

कॉइलचा इलाज सोपा. कॉइलच्या दोन टोकांना १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू धन टोकाला. कॉइलच्या तारा एकमेकींना पीळ देऊन चेसिसच्या कडेने न्या. व्हॉल्व्हच्या ग्रिडच्या, म्हणजे सिग्नल आत जाणाऱ्या टांगेच्या तारेशेजारून अजिबात नको.

कपॅसिटरची बाजू जास्त वेळा सापडते. १२एएक्स७ या नेहमीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर, म्हणजे सिग्नल बाहेर पडणाऱ्या टांगेवर १५० ते २५० व्होल्ट डीसी असतं. कपलिंग कपॅसिटर ते अडवतो आणि फक्त आवाज पुढे सोडतो. पण त्याच्या पुढच्या टोकाला ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टर नसेल आणि रिलेने ते टोक मोकळं सोडलं असेल, तर अगदी सूक्ष्म गळतीसुद्धा ते टोक हळूहळू प्लेटच्या व्होल्टेजकडे चढवते. रिले जोडला गेला की ते एका फटक्यात शून्यावर येतं. तोच तुमचा ठप्प. उपाय असा : रिलेच्या प्रत्येक कॉन्टॅक्टच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडकडे १ ते २.२ मेगओमचा रेझिस्टर कायमचा ठेवा. पुढच्या व्हॉल्व्हचा ग्रिड-रेझिस्टरही रिलेच्या पलीकडे, थेट व्हॉल्व्हच्या टांगेवर असू द्या. रिले एका बाजूचा कॉन्टॅक्ट सोडून दुसऱ्या बाजूला जाईपर्यंतच्या त्या काही मिलिसेकंदांत ग्रिड लटकता राहता कामा नये.

तिसरी जागा कॅथोडची, म्हणजे व्हॉल्व्हच्या ग्राउंडकडच्या टांगेची. लीड चॅनलला जास्त गेन (सिग्नलची वाढ) मिळावा म्हणून पुष्कळ जण १.५ किलोओमच्या कॅथोड-रेझिस्टरवर २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर रिलेने चढवतात. तो रिकामा असतो आणि कॅथोडवर एक-दीड व्होल्ट असतं. जोडल्याबरोबर तो ते व्होल्टेज खाली ओढतो, आणि त्यापुढे ५०-६० पट वाढवणारे टप्पे बसलेले असतात. इथे कपॅसिटरचं ग्राउंडकडचं टोक रिलेने जोडा आणि त्या कॉन्टॅक्टवर १ मेगओमचा रेझिस्टर समांतर टाका. रिले उघडा असतानाही कपॅसिटर त्यातून भरलेला राहतो. आवाजाच्या दृष्टीने मात्र १ मेगओम म्हणजे नसल्यासारखाच.

शेवटचं, तुमच्या पत्रात नसलेलं. रिले सिग्नलच्या वाटेत सरळ घालण्यापेक्षा नको असलेलं चॅनल ग्राउंडला टेकवणं आम्हाला जास्त पसंत आहे. प्रत्येक चॅनलच्या शेवटी ४७० किलोओमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढच्या टोकावर रिलेचा कॉन्टॅक्ट ग्राउंडला. पण मग दोन्ही चॅनलं एकत्र येतात ती जागा या कॉन्टॅक्टच्याही पुढे, आणखी एकेका ४७० किलोओमच्या पलीकडे ठेवावी लागते, नाहीतर एक चॅनल गप्प करताना दुसरंही गप्प होतं. थोडा आवाज वाया जातो, पण लीडची कुजबुज क्लीनमध्ये झिरपत नाही.

प्रश्न (जुळे सोलापूर, त्याच पत्रातून) : रिलेऐवजी जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) किंवा एलडीआर (प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर) वापरले तर?

उत्तर : दोन्ही चालतात, जागा पाहून. व्हॉल्व्हच्या प्लेटवरून येणारा सिग्नल दहा-वीस व्होल्टच्या सहज वर जातो. जे१७५ सारखा जेफेट काही व्होल्टच्या पुढे आपला वेगळाच डिस्टॉर्शन देऊ लागतो. म्हणून तो फक्त व्हॉल्यूम पॉटच्या किंवा टोन सर्किटच्या नंतर, जिथे सिग्नल लहान झालेला असतो तिथे. एलईडी आणि एलडीआरची बंद जोडी हळू बदलते, म्हणून ठप्प येत नाही. पण तिचा अंधारातला रेझिस्टन्स अनंत नसतो आणि बंद व्हायलाही ती वेळ घेते. लीडला एकच जोडी पुरत नाही : एक सिग्नलच्या वाटेत, एक ग्राउंडकडे. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने रिलेच घ्यावा.

प्रश्न (होटगी रोड) : क्लीन चॅनल सुंदर वाजतं. लीडवर गेलं की जाड तारांचा नुसता चिखल. बास शून्यावर केला तर चिखल जातो, पण आवाज पत्र्यासारखा होतो.

उत्तर : पत्राबरोबर पाठवलेल्या नकाशावरून दिसतं की तुमचं टोन सर्किट पहिल्या व्हॉल्व्हनंतर लगेच आहे आणि डिस्टॉर्शनचे दोन टप्पे त्याच्या पुढे. या रचनेत टोनचे नॉब आवाजाचा रंग ठरवत नाहीत. डिस्टॉर्शनला काय खायला घालायचं ते ठरवतात.

गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते आणि तिचा सिग्नल आकाराने मोठा असतो. व्हॉल्व्हला तो पुरता भरून टाकतो. वरचे बारीक स्वर त्याच्या लाटेवर बसून येतात आणि लाट कापली गेली की तेही कापले जातात. दोन जाड तारा एकत्र वाजवल्या तर त्यांच्या वजाबाकीचा तिसराच, बेसूर स्वर तयार होतो. त्यात आणखी एक भानगड : सिग्नल फार मोठा झाला की ग्रिडमधून करंट वाहतो आणि आधीचा कपलिंग कपॅसिटर उलटा चार्ज होतो. तो रिकामा होईपर्यंत व्हॉल्व्ह जवळजवळ बंद राहतो. २२ नॅनोफॅरड आणि १ मेगओम म्हणजे २२ मिलिसेकंद. झटका मारल्यावर स्वर आधी गुदमरतो आणि मग 'भ्भ' करून फुटतो, तो यामुळे.

बास टोनच्या नॉबने काढू नका, पुढच्या टप्प्यांत काढा. लीडच्या दोन टप्प्यांमधला २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर काढून २.२ नॅनोफॅरडचा, ६३० व्होल्टचा लावा आणि पुढचा ग्रिड-रेझिस्टर ४७० किलोओम ठेवा. १५४ हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो, आणि वर सांगितलेले २२ मिलिसेकंद एकावर येतात. पहिल्या लीड टप्प्याच्या कॅथोडवरचा २२ मायक्रोफॅरड काढून ०.६८ किंवा १ मायक्रोफॅरड लावा. मार्शलने आपल्या उजळ चॅनलला २.७ किलोओमवर ०.६८ मायक्रोफॅरड दिला तो याच हेतूने. पुढच्या ग्रिडच्या टांगेवर १०० ते २२० किलोओमचा रेझिस्टर मालिकेत टाकला तर उलट्या चार्जिंगची खोडही मोडते. तीनही बदल एका दमात करू नका. पहिला करा, दोन दिवस वाजवा. पुष्कळदा तिथेच काम होतं.

गेलेला बास परत हवा असेल तर तो डिस्टॉर्शनच्या नंतर आणावा लागतो. मार्शलमध्ये टोन सर्किट डिस्टॉर्शननंतरच आहे, म्हणून तिथे बासचा नॉब न घाबरता फिरवता येतो. मेसा बूगी या अमेरिकी कंपनीच्या मार्क मालिकेतल्या अ‍ॅम्पमध्ये टोन तुमच्यासारखाच आधी आहे. त्यावर वाजवणारे बास एक-दोनच्या वर नेत नाहीत आणि मग शेवटी असलेल्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर ८० हर्ट्झची पट्टी उचलतात. तुमच्याकडे इफेक्ट लूप (बाहेरचं पेडल मध्ये जोडायचे जॅक) असेल तर तिथे साधं इक्वलायझर पेडल लावून हेच साधतं.

प्रश्न (अक्कलकोट रोड) : रिलेला व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्टच्या हीटर लाइनवरून ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि ७८०५ (५ व्होल्ट स्थिर देणारा आयसी) लावून सप्लाय दिला. संध्याकाळी लाइन उतरली की रिले थरथरतो आणि गुरगुर येते. एकदा हीटरवरचे १०० ओमचे दोन रेझिस्टर काळे पडले.

उत्तर : दोन वेगळ्या चुका एकमेकींत गुंतल्या आहेत.

थरथर आधी. ६.३ व्होल्ट एसीचं शिखर ८.९, ब्रिजमधले दोन डायोड १.४ खातात, उरले ७.५. ७८०५ ला नीट चालायला साधारण ७ व्होल्ट लागतात. म्हणजे २३० ची लाइन असतानाच तुम्ही काठावर आहात. लाइन २०० वर आली की हीटर ५.५ वर, शिखर ७.७, आणि ब्रिजनंतर ६.३. ७८०५ हात टेकतो, त्याच्यातून १०० हर्ट्झची लहर तशीच पुढे जाते आणि रिले थरथरतो.

आता जळालेले रेझिस्टर. ते दोन १०० ओम हीटरच्या तारांना ग्राउंडच्या दोन्ही बाजूंना समतोल धरतात, त्यामुळे घरघर कमी राहते. तुम्ही ब्रिजचं ऋण टोक चेसिसला जोडलं. मग प्रत्येक अर्ध्या फेरीत ब्रिजमधला एक डायोड हीटरची एक बाजू ग्राउंडला आणून टेकवतो, समतोल जातो आणि सगळा भार एका १०० ओमवर येतो. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप थेट ग्राउंडला असता तर रेझिस्टरऐवजी डायोड गेला असता, किंवा वाइंडिंग तापलं असतं.

हीटर लाइनचा नाद सोडा. २३० वरून ९ व्होल्ट, ५०० मिलिअ‍ॅम्पियरचा छोटा वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्या, ब्रिज, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट आणि ७८०५. लाइन २०० ला आली तरी ब्रिजनंतर साडेनऊ व्होल्ट राहतात. १४० मिलिवॅटचा ५ व्होल्टचा सिग्नल रिले २८ मिलिअ‍ॅम्पियर घेतो. दोन रिले आणि एक एलईडी मिळून ७०च्या आतबाहेर, ७८०५ ला हीटसिंकचीही गरज नाही. बाजारात सहज मिळणारा मोठा, पॉवरचा रिले घेऊ नका : त्याचे कॉन्टॅक्ट जड करंटसाठी असतात आणि गिटारच्या कोवळ्या सिग्नलला काही महिन्यांत खरखर आणतात. 'सिग्नल रिले' असं स्पष्ट सांगून, दोन-ध्रुवी (एका वेळी दोन वेगळ्या वाटा बदलणारा) घ्या. सप्लायचं ऋण टोक चेसिसला फक्त एका जागी जोडा. फूटस्विचचा जॅक प्लास्टिकच्या वॉशरवर बसवा, नाहीतर तो दुसरी जागा आपोआप तयार करतो.

फूटस्विच दाबला की तसाच राहणारा हवा, दारावरच्या बेलसारखा दाबेपर्यंतच चालणारा नको. केबलमधून फक्त डीसी जातो, म्हणून ती शिल्डेड नसली तरी चालते. दहा मीटरची असली तरी आवाजाला धक्का नाही.

प्रश्न (अशोक चौक) : घराशेजारी यंत्रमाग चालतात. वर्षभरात सगळे पॉट खरखरायला लागले. स्प्रे मारला, बासचा सोडून बाकीचे गप्प झाले. बासचा आठ दिवस झाले तरी तसाच.

उत्तर : कापसाचे तंतू पॉटच्या टांगांजवळच्या फटीतून आत जातात आणि तेलकट वंगणात अडकतात. अ‍ॅम्पच्या मागच्या जाळीवर जुन्या सुती कापडाचा एक थर ताणून लावू नका. हवा अडली की सोलापूरच्या मे महिन्यात आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर भाजतात. वाजवणं झालं, अ‍ॅम्प थंड झाला की वरून चादर टाका, वाजवताना काढा. आपल्याकडे चादरींना तोटा नाही. इलेक्ट्रोलिटिक बदलायचे झाले तर ८५ ऐवजी १०५ अंशांचे घ्या.

बासच्या पॉटची खरखर मात्र घाणीची दिसत नाही. घाण असती तर स्प्रेने गेली असती. वायपर फिरवताना त्याच्यावर डीसी असलं की प्रत्येक सूक्ष्म उडीचा आवाज होतो. ते डीसी येतं टोन सर्किटच्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून गळून. तपासायला त्याचं पॉटकडचं टोक सोडवा, अ‍ॅम्प चालू करून एक मिनिट थांबा आणि त्या मोकळ्या टोकावर मीटरने डीसी बघा, एक हात खिशात ठेवून. काही शतांश व्होल्ट चालतील. एक व्होल्ट किंवा जास्त टिकून राहिलं तर कपॅसिटर बदला. ६३० व्होल्टचा फिल्म प्रकारचा. ट्रेबलचा छोटा कपॅसिटर बदलतानाही लक्ष ठेवा. तिथेही प्लेटचं व्होल्टेज असतं, आणि रेडिओच्या दुकानात पिकोफॅरडमध्ये हाती येणारा पिवळा-तांबडा सिरॅमिक बहुधा ५० व्होल्टचा असतो. ५०० व्होल्टचा सिल्व्हर मायका किंवा १ किलोव्होल्टचा सिरॅमिक मागा. २५० नसेल तर २२० किंवा २७० चालेल. कानाला फरक कळणं अवघड. स्थानिक दुकानात मिळाला नाही तर पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावा लागेल.

प्रश्न (बाळे) : बासचा सगळा फरक शून्य ते दोनमध्येच होतो, पुढे नॉब फिरवून उपयोग नाही.

उत्तर : १ मेगओमचा लिनिअर पॉट बसवला गेला आहे. पॉटच्या पाठीवर 'बी' लिहिलेलं असेल. लॉग, म्हणजे 'ए' लावा. तो अर्ध्यावर असताना एकूण रेझिस्टन्सच्या दहा-पंधरा टक्केच देतो, त्यामुळे फरक पूर्ण फेरीत पसरतो.

प्रश्न (सात रस्ता) : दोन्ही चॅनलांना एकच टोन सर्किट आहे. क्लीनला फेंडरसारखी चमक आणि लीडला मार्शलसारखे मिड, असं एका सर्किटमध्ये होईल?

उत्तर : पूर्ण नाही, बऱ्यापैकी होईल, आणि खर्च एका रेझिस्टरचा. वर पहिल्या उत्तरातला १०० किलोओमचा रेझिस्टर आठवा. लीडवर जाताना रिलेच्या रिकाम्या ध्रुवाने त्याला ४७ किलोओम समांतर जोडा. दोन्ही मिळून ३२ किलोओम होतात, मार्शलच्या ३३ च्या जवळ. मध्यम स्वर लगेच पुढे येतात. मिडलचा पॉट १० ऐवजी २५ किलोओमचा घेतला तर फरक आणखी उठून दिसतो. क्लीनवर तो चारच्या खाली ठेवायचा.

गंमत अशी की त्या रेझिस्टरची दोन्ही टोकं २०० व्होल्टच्या घरात असूनही इथे ठप्प येत नाही. पुढे कपॅसिटरच असल्यामुळे त्यातून डीसी वाहत नाही, दोन्ही टोकांचं व्होल्टेज सारखंच असतं आणि जोडताना उडी घ्यायला काही उरत नाही. ठप्प आलाच तर पुढचा एखादा कपॅसिटर गळतो आहे, असं समजा. मात्र रिलेचा कॉन्टॅक्ट आणि कॉइल यांच्यातलं इन्सुलेशन किमान ५०० व्होल्टचं असल्याचं डेटाशीटमध्ये पाहून घ्या, आणि त्या तारा फूटस्विचच्या जॅकजवळून नेऊ नका.

प्रश्न (रेल्वे लाइन्स) : जुन्या पद्धतीच्या दोन चॅनलांच्या अ‍ॅम्पमध्ये गिटार एका वेळी दोन्ही चॅनलांना दिली. मार्शलवाल्या मित्राचा आवाज भरदार होतो, माझा पोकळ.

उत्तर : १२एएक्स७ सारख्या व्हॉल्व्हचा (ट्रायोडचा) प्रत्येक टप्पा, सिग्नल प्लेटवरून घेतला असेल तर, तो उलटा करतो. १९६० च्या दशकातल्या रिव्हर्बवाल्या (आवाज घुमवण्याची सोय असलेल्या) फेंडर रचनेत रिव्हर्बच्या चॅनलला साध्या चॅनलपेक्षा एक टप्पा जास्त आहे. दोन्ही एकत्र येतात तेव्हा एकमेकांना खोडतात. मार्शलच्या चार इनपुटांच्या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही वाटांचे टप्पे सारखे, म्हणून तिथे एक छोटी केबल लावून चॅनलं जोडता येतात. तुम्हाला एका बाजूचा फेज उलटवणारा ट्रान्सफॉर्मरवाला एबी-वाय बॉक्स (एका गिटारचा सिग्नल दोन वाटांना देणारा डबा) लागेल. तेवढ्यासाठी खर्च करण्यापेक्षा एकच चॅनल वाजवा.

प्रश्न (भवानी पेठ) : रिलेचा ठप्प तपासायला रात्री बसतो. शेजारी झोपलेले असतात, म्हणून स्पीकर काढून हेडफोन इफेक्ट लूपला लावला तर चालेल का?

उत्तर : हेडफोनचं नंतर, स्पीकर काढून अ‍ॅम्प चालवू नका. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला आउटपुटवर भार नसला की ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये आणि व्हॉल्व्हच्या बेसवर व्होल्टेज इतकं चढतं की ठिणगी पडते, आणि बदलायला सर्वांत महाग भाग तोच. ८ ओमच्या जॅकला ८ ओम, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा; २० वॅटच्या अ‍ॅम्पला तो पुरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर बसवा, लाकडापासून आणि अंथरुणापासून लांब, कारण तो हात पोळण्याइतका तापतो. ऐकण्यासाठी इफेक्ट लूपच्या सेंडमधून हेडफोनच्या छोट्या अ‍ॅम्पला सिग्नल द्या, तिथला व्हॉल्यूम आधी शून्यावर ठेवून. रिलेचा ठप्प हेडफोनमध्ये स्पीकरपेक्षा जोरात लागतो.